ताईंची पाठवणी

मी आमदार ताईंची गाडी चालवतो, म्हणून ही गंमत माझ्या डोळ्यांदेखत झाली. मंठ्याकडं ताईंचं माहेर. तिथं सभामंडपाच्या उद्घाटनाला गेल्तो. रस्ता असा, की शेवटी आमची गाडी ट्रॅक्टरनं ओढून गावात आणली. भाषणात ताई म्हणल्या, "मी आमदार म्हणून न्हाई, या गावची लेक म्हणून आले."

झालं! त्यांच्या चुलतीनं उठून माझ्या हातातली चावीच काढून घेतली. "लेक म्हणून आली ना? मंग सासरचं माणूस न्यायला आल्याबिगर जायचं न्हाई."

"काकू, उद्या मुंबईला अधिवेशन हाये!"

"मंग रस्त्याच्या इंजिनेरला बोलाव. सरकार हेच तुझं सासर आता."

काकू बिलकुल ऐकंनात. ताईंनी फोन लावला. दोन तासांनी इंजिनेर साहेब आले ते पायीच, बूट हातात, गुडघ्यापर्यंत चिखल. जीप वाटेत फसल्ती.

काकूनं ताईंची ओटी भरली, साहेबाला टॉवेल-टोपी दिली, मला चावी दिली. अन् साहेबाला म्हणल्या, "पाव्हणं, पुढल्या बारीला लेकीला न्यायला गाडीत बसून या."