शेवटच्या कडव्यातला भाऊ

थोरला : ...आणि तू सरळ मला मारूनच टाकलंस?

धाकटा : दादा, आधी बस. कुबड्या दे इकडे. स्टुडिओचा एवढा जिना चढलास कसा?

थोरला : बसून, मागे मागे सरकत. तू विषय बदलू नकोस. आईला गाणं तूच पाठवलंस ना?

धाकटा : हो. सगळ्यांच्या आधी तिने ऐकावं म्हणून.

थोरला : ऐकलं तिने. ‘तुटली परांची, खाली आला भाऊ, भिंतीवर फोटो, आता कुणाला दावू.’ ऐकून माझ्या खोलीत आली, नुसती बघत उभी राहिली. मग पाय चेपायला बसली. ज्या पायाला काही कळत नाही, नेमका तोच.

साऊंडवाला : पण ती ओळ कडक आहे हं. माझ्या अंगावर काटा आला.

थोरला : तुझ्या अंगावर काटा यावा म्हणून मी मरू का?

धाकटा : अरे, गाणं आहे ते! तळघरांत, गोदामांत घसा फोडून फोडून आता कुठे अल्बम होतोय. त्याआधी हे एकच गाणं बाहेर जाणार. यावरूनच लोक ठरवणार, मला ऐकायचं की नाही. वाचलेल्या माणसाचं गाणं कोण ऐकतं?

थोरला : खरंय. ठेकेदारही फिरकला नाही. मेलो असतो तर हार घेऊन आला असता.

धाकटा : मग वाचल्यावर काय झालं ते सांगू लोकांना? सांगू? दिवसभर पडदा उघडू देत नाहीस. मित्र आले की झोपेचं सोंग घेतोस. अंघोळीला आईला हाक मारतोस आणि ती आली की तिच्यावरच खेकसतोस. घालू हे गाण्यात?



थोरला : घाल.

धाकटा : दादा, मी रागात बोललो.

थोरला : खोटं बोललास का? नाही ना? मग घाल.

साऊंडवाला : ए, थांबा जरा! संध्याकाळी गाणं सोडायचंय. पोस्टर फिरतंय सगळीकडे.

धाकटा : उद्या सोडू.

साऊंडवाला : लोक शिव्या घालतील.

धाकटा : घालू देत. शेवटचं कडवं उडव. नुसता ठेका ठेव, ते रडकं व्हायोलिन पण काढ.

साऊंडवाला : काल तूच म्हणालास, व्हायोलिन वाढव!

धाकटा : काल तो मेला होता. ...छे, यमकच बसत नाहीये. पडदा... पडदा...

थोरला : नसू दे यमक. माझ्याशी भांडताना कुठे यमक लावलंस?

धाकटा : गल्लीत सगळ्यांना कळेल, हा तूच म्हणून.

थोरला : गल्लीला ठाऊक आहे रे. फक्त मी आलो की सगळे हवापाण्याचं बोलतात.

साऊंडवाला : चल, माईक चालू आहे. म्हण.

धाकटा : ‘माझा भाऊ पडला. मेला नाही. तो पडदा उघडू देत नाही. तो आईला हाक मारतो, आणि आई आली की...’ थांब, थांब. बंद कर.

साऊंडवाला : आता काय झालं?

थोरला : पुटपुटतोयस. खेकसतो ते नीट ऐकू येऊ दे.

धाकटा : नाही जमत. तू असा समोर बसल्यावर कसं म्हणू? जरा बाहेर बसतोस?

थोरला : नाही. मी इथेच आहे. म्हण.