गोठवलेला नमुना

— बर्फाच्या कप्प्यात? मटारांच्या पिशवीशेजारी? आणि हे आत्ता सांगताय, वहिनी? बसा. त्या स्टुलावर नको, ते डगमगतं — इथे बसा. रविवारी माझी प्रयोगशाळा बंद, म्हणून तुम्ही दादाची लघवी गोठवलीत, सोमवारी वितळवलीत आणि हसतमुखाने माझ्या हातात दिलीत. जपून ठेवली म्हणता! जपलीत खरी. मी काय सांगितलं होतं? थंड ठेवा आणि लगेच आणा. जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं, हे कोणी सांगितलं तुम्हाला? — कोणीच नाही. तुमची माया सांगते असं. मायेला प्रमाण कळत नाही.

रागावू नको म्हणता? ऐका. दादाच्या मूत्राशयातली गाठ नुसती वाढत नाही, ती निरोप धाडते. तिच्या पेशी अंगातून इवल्या पिशव्या सोडतात — पुटिका म्हणतो आम्ही — आणि त्यांत आरएनएचे तुकडे असतात. त्या तुकड्यांवरून प्रथिन बनत नाही, म्हणून आम्ही शहाणी माणसं वर्षानुवर्षं त्यांना अडगळ समजलो. देवाच्या घरी अडगळ नसते, ही अक्कल उशिरा आली. हेच तुकडे शेजारच्या निरोगी पेशींना फितवतात, शरीराच्या पहारेकऱ्यांना झोपवतात, गाठीला स्नायूत शिरायला वाट करून देतात. त्यांतला एक मात्र लगाम घालणारा. गाठ मोकाट सुटली की पिशव्यांत तो कमी सापडतो. मी तोच मोजते.

आता कळलं काय झालं ते? लघवीत गळालेल्या पेशीही असतात, निरोगीसुद्धा. नमुना यंत्रात गरगर फिरवून त्या तळाशी बसवायच्या, बाजूला काढायच्या, मग उरलेलं खुशाल गोठवायचं. तुम्ही आधीच गोठवलंत. पेशी फुटल्या, त्यांच्या पोटातलं सगळं बाहेर सांडलं, तो लगाम घालणारा तुकडाही. धाडलेली पत्रं कुठली आणि कोसळलेल्या घरातून उडालेले कागद कुठले, मी निवडू कशी? म्हणून तर आकडा इतका चांगला —

थांबा. मी आकडा सांगितलेला नाही. चेहरा असा उजळू देऊ नका, वहिनी, माझ्याने पाहवत नाही. तो आकडा खोटा आहे. यंत्र खोटं बोललं नाही, आपण त्याच्यापुढे भलतंच ठेवलं. काल संध्याकाळी तो पाहिला तेव्हा मीही हात जोडले — इथेच, या ओट्यापाशी, हातमोजेसुद्धा न काढता. देवाचे आभार मानले. कशाबद्दल? फुटलेल्या पेशींबद्दल!

दुसरा नमुना? आता वेळ कुठे आहे, उद्या त्याला भरती व्हायचंय. मूत्राशय काढावं लागेल, सर्जनने स्पष्ट सांगितलंय. आणि हा म्हणतो, धाकट्या बहिणीचं यंत्र बोलेल तसं करू. अहो, धाकटीचं यंत्र अजून शिकतंय! कोणाच्या जिवाचा निवाडा करायची त्याची लायकी नाही. किती वेळा सांगितलं त्याला. ऐकत नाही, कारण ऐकायचं नाही. पोटावर लघवीची पिशवी लावून जगणार नाही म्हणे. दात काढायचा म्हटलं की पलंगाखाली जाऊन बसायचा, तो हाच तुमचा नवरा. आई झाडूने बाहेर काढायची.

फोन कशाला काढलात? एक रात्र तरी त्याला सुखाने झोपू दे म्हणता — आणि सकाळी? सकाळी तो भरतीला नकार देईल, तेव्हा तुम्ही समजूत घालणार की मी? खोट्या दिलाशाने बरं वाटतं, वहिनी, बरं होत नाही. — लागला? द्या इकडे. डोळे पुसा आणि द्या.

दादा, मी. हो, वहिनी इथेच आहे. आकडा? आकडा नाही. चांगला नाही, वाईट नाही — नाहीच. नमुना वाया गेला. कोणाकडून ते विचारू नकोस. सर्जनने सांगितलंय तेच खरं. सकाळी कपडे भरून तयार राहा, मी न्यायला येते… दादा? बाहेर ये, दादा. पलंगाखालून बाहेर ये.