शनिवार परत मिळाले

"हॅलो? … हां भूषण, बोल … काय? … मार्क? कसले मार्क?"

नम्रताने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला. काळाचौकीच्या माहेरच्या खोलीत ती वडिलांच्या खाटेपुढे चपला मांडून बसली होती. सकाळपासून त्यांच्या मिनतवाऱ्या चालल्या होत्या, आणि वरळीहून धाकट्या भावाला सिनेमाचे मार्क हवे होते. बुद्धभूषणची ही जुनी खोड. सिनेमा बघायचा, घरातल्या प्रत्येकाचं मत गोळा करायचं आणि ते आपल्या चॅनेलवर ऐकवायचं. लोकही चवीने ऐकतात म्हणे.

"आई? … आई म्हणाली, गोऱ्यांच्यात मयताला कुणी रडत नाही का … हो, टाक ते. आमच्या विकासने दहापैकी आठ दिलेत … माझे? … अरे ऐक ना. आधी ऐक. अण्णा मंगळवारी डायलिसिसला गेले नाहीत … नाही गेले म्हणजे नाहीच गेले. आज गुरुवार, आज पण नाही म्हणतायत. पाय बघ येऊन, चप्पल शिरेल की नाही शंकाच आहे."

पलीकडून लांबलचक काहीतरी आलं.

"तब्येतीचं नाही रे. त्या सिनेमाचंच आहे."

सिनेमा इंग्लंडमधला. वरच्या मजल्यावर म्हातारा बाप अखेरच्या घटका मोजतोय आणि खाली त्याची पोरं अंत्यविधीच्या भाषणांची रंगीत तालीम करतायत, पहिलं कोण बोलणार यावरून भांडतायत. रविवारी याच खोलीत सगळे हसून हसून लोळले. सिनेमा संपला आणि भूषणला लहर आली. चला, आपण पण करू, अण्णांच्या पुण्यानुमोदनाची, शोकसभेतली भाषणं. लाटणं हातात घेऊन, माइक म्हणून, एकेक जण उभा राहिला. अण्णा याच खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"झोपले नव्हते … नव्हते झोपले, भूषण. कानातलं मशीन डबीत नव्हतं, कानात होतं. त्यांना पण सिनेमा ऐकायचा होता … हो, मी पण हसले. मी कुठे नाही म्हणतेय? … तू काय बोललास आठवतंय ना? … मग मी सांगते. 'अण्णा गेल्याचं दुःख आहेच, पण आमचे शनिवार परत मिळाले.'"

डायलिसिसच्या तीन वारांतला शनिवार भूषणचा, अण्णांना घेऊन जायचा. त्याने तो कधी चुकवला नाही, हेही खरं. पण त्या वाक्यावर सगळ्यात जास्त हशा पडला होता, आणि नम्रताच्या नवऱ्याने, विकासने, टाळी दिली होती.

"जोक होता, माहितीय मला. सिनेमात असता तर मी पण मार्क दिले असते."

चुलीशी, म्हणजे आता गॅसशी, आई कमळाबाई पाठ करून उभी होती. रविवारपासून तीही बोलत नव्हती. नम्रताने आवाज खाली घेतला.

"तुला एक सांगू? अण्णांनी आयुष्यभर लोकांच्या पुण्यानुमोदनात भाषणं केली. आख्ख्या चाळीत कोणी गेलं की पहिलं बोलावणं यांना. तो खालच्या मजल्यावरचा बेवडा, बायकोला मारायचा तो, आठवतो? त्याच्यातही अण्णांनी एक चांगलं शोधून काढलं होतं. मुक्या जनावरांना खायला घालायचा म्हणाले, आणि त्याची बायको ढसाढसा रडली … तेच तर सांगतेय. सोमवारी सकाळी मला एवढंच म्हणाले, 'नमे, माझ्यातलं तुम्हाला एकसुद्धा सापडलं नाही?' तेव्हापासून गप्प."

नम्रताला वाटलं, लागलं याच्या मनाला. बरं झालं.

"तर तू ये आता. टॅक्सी कर … मीटिंग? … बरं, नको येऊस. फोनवर बोल. एक चांगली गोष्ट सांग त्यांना. एकच … पटकन आठवत नाही म्हणजे? बाप आहे तुझा … विचार कर, मी थांबते … हॅलो? … भूषण?"

फोन बंद झाला होता. रेंज गेली की त्याने कापला, कोण जाणे. नम्रताने मान वर केली तर अण्णा तिच्याकडेच बघत होते. श्वास घेताना त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि ती घाबरली. तिने फोन कानाला घट्ट लावला.

"हो … हो, सांगते ना. अण्णा, भूषण म्हणतोय, चैत्यभूमीच्या रांगेत तुम्ही मला खांद्यावर घेतलं होतं. सहा डिसेंबरला … काय रे? … हां. म्हणतोय, मी तुमच्या डोक्यावर गाल टेकून झोपलो. लाळेने तुमचे केस भिजले, तरी खाली उतरवलं नाहीत. लोक म्हणत होते, द्या आमच्याकडे, तुम्ही दमलात. तर तुम्ही म्हणालात, दमलो नाही, झोप मोडेल तिची …"

आणि तिच्या कानालाच फोन वाजायला लागला.

तिने तो तसाच धरून ठेवला. कमळाबाईने वळून बघितलं. अण्णांच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी हसण्यासारखं काहीतरी आलं.

"खांद्यावर तू होतीस, नमे," ते म्हणाले. "भूषण तेव्हा आईच्या पोटात होता. आण तो फोन."

भूषणचा नव्हता. डायलिसिस सेंटरचा होता. अण्णांनी तो आधी मशीन नसलेल्या कानाला लावला, मग काढून दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो … हो सिस्टर, बुधाजीच बोलतोय … मंगळवारी नाही जमलं, माफ करा … हो, धाप लागते … येतोय आज. मुलगी आणतेय … आणि सिस्टर, एक काम होतं. माझा शनिवारचा बेड दुसऱ्या कुणाला देऊन टाका … ह्या एकाच शनिवारचा नाही, सगळ्याच शनिवारांचा … ठाऊक आहे मला काय होतं ते, डॉक्टरांनी समजावलंय … नाही, घरच्यांना नका विचारू. त्यांची भाषणं झालीत …"

नम्रता फोनसाठी पुढे झाली. त्यांनी हाताने तिला थोपवलं.

"नाही हो, रागावून नाही. शनिवार आमच्या मुलाला परत द्यायचेत."

त्यांनी फोन बंद करून तिच्या हातात दिला, आणि चप्पल घालून घ्यायला पाय पुढे केला.