पुस्तकातली हळू आजी

दातांच्या दवाखान्यात सुजल्या गालावर रुमाल दाबून काका बसले होते. कळ अशी, की आपला नंबर कधी येणार हे त्यांचं तीनदा विचारून झालं होतं. शेजारी दोन म्हाताऱ्या मैत्रिणी. एकीच्या मांडीवर मटारच्या शेंगांची पिशवी.

"तुझ्या सुनेनं शाळा सोडली म्हणे?" दुसरीनं विचारलं.

"शिकवणं सोडलं. आता घरी बसून पाठ्यपुस्तकांसाठी गणितं रचते."

"गणितं रचावी लागतात? मला वाटलं, ती असतातच."

"मलाही तसंच वाटायचं. पण ती म्हणते, गणित खऱ्या आयुष्यातलं हवं. म्हणून मी मटार सोलताना घड्याळ घेऊन माझ्यासमोर बसली."

"अगबाई!"

"आणि सहावीच्या पुस्तकात छापलं की! आजी तासाला एक किलो मटार सोलते, शेजारीण दोन किलो. तर दोघी मिळून..."

"शेजारीण दुप्पट? अगं, ती अळ्यांसकट सोलते!"

"तेच म्हटलं मी. तर म्हणते, आई, अळ्या धरल्या तर गणित आठवीचं होतं."

"आणि तू ऐकून घेतलंस?"

"घेते की काय! नवी आवृत्ती निघतेय, ती पुन्हा मोजणार आहे. म्हणून मिळेल तिथे हात चालवते. अहो भाऊ, घड्याळ आहे ना? जरा वेळ मोजता का?"

काकांनी मनगट वर धरलं. शेंगा फटाफट फुटू लागल्या.

आतलं दार उघडलं. "चला काका, तुमचा नंबर."

"थांबा हो," सुजल्या तोंडानं काका कसेबसे ओरडले, "पिशवी संपत आलीय!"