इवायाची टोपी

सन एकोणीसशे चौऱ्याऐंशी, चैताचा महिना, मोहफुलं पडायचे दिवस — मी बरोबर सांगून राह्यलो, मान हालवू नका गुणवंतराव, पट्टी सरकंल. डॉक्टरनं हनुवटीले टाके घातले, जबडा बांधला, बोलू नका म्हणे. तवा मीच बोलतो. तुम्ही माह्या सत्यशीलेचे सासरे, मानाचे माणूस. इवायासमोर मी कधी येवढं तोंड उघडलं नाई. पण आज तुमाले दवाखान्यातून घरी सोडून राह्यले, त्याच्या आधी गोष्ट साफ झाली पायजे.

तुमचं म्हणणं काय? जवा पाहा तवा आपल्या डोक्यावर थाप मारता न् माह्याकडं बोट दाखवता. समजते मले. तुमच्या खाणीच्या टोपीनं या वामनरावचं डोकं वाचवलं, असंच ना? कबूल नाई. खाणीची टोपी वरून दगड पडंल म्हणून असते. माह्यावर दगड पडला काय? नाई. मी दगडावर पडलो. त्यात न् यात फरक आहे. आन् तुमाले लागलं कुठी? हनुवटीले. टोपी तुमच्या डोक्यावर असती तरी हनुवटी उघडीच राह्यली असती. मंग काय कामाची?

आता म्हणाल, "वामनराव, तुम्ही सायकलच्या हँडलवरून उडाले, मैलाच्या दगडावर डोकं आपटलं, टणकन आवाज झाला, न् उठून धोतर झटकलं." झटकलं. आमच्या घराण्याचं डोकंच टणक. माह्या बापाच्या डोक्यावर बैलगाडीचं जू पडलं होतं — जू मोडलं.

उलट सांगतो, पडलो तेच टोपीपायी. नातवाच्या नामकरणाले मले न्यायले तुम्ही ड्युटीवरून थेट आले, टोपी तशीच डोक्यावर. सायकल माही, तुम्ही मांगं कॅरिअरवर. ऊन लागंल म्हणून टोपी काढून माह्या डोक्यावर घातली — बरं, मान दिला, मी नाई म्हणलं नाई. पण पोंभुर्ण्यातून निघालो तं लोकं बाजूले होऊन राह्यले. चहाच्या टपरीवरचे दोघं उठून उभे राह्यले. सायेब समजले मले! पुढचा उतार मी जन्मभर सायकल हातात धरून पायी उतरलो. पण सायेब उतारावर खाली उतरंल काय? नाई उतरत. म्हणून ब्रेक दाबला नाई — म्हणजे, थोडा दाबला — नाई, नाई दाबला. न् खाली कोणीतरी भर डांबरावर मोहफुलं वाळू घातलेली, ओली, साबणावाणी. टोपी नसती तं मी पायी असतो, तुमची हनुवटी जागेवर असती. हा तुमच्या टोपीचा गुण!

तरीबी मी एकतर्फी माणूस नाई. घरी नेऊन तपासली. कवेलूच्या छपरावर चढलो, एक पिवळं कोहळं खाली टाकलं — फुटलं. दुसरं टोपीत ठेवून टाकलं — तेबी फुटलं. म्हणलं, पाहा! तं सत्यशीलेची माय म्हणते, "पट्टा कोण बांधंल? कोहळं इकडं पडलं, टोपी तिकडं." बांधला पट्टा. टाकलं. नाई फुटलं. मी म्हणलं, हे कोहळं जून आहे म्हणून. ती म्हणते, "मंग तुमच्या डोक्यावरच पाहून घ्या, तेबी जून आहे." घरी आठ दिवस कोहळंच शिजून राह्यलं. तुमाले रोज चमच्यानं पिवळं पिवळं पातळ भरवतो — ते काय वाटलं तुमाले?

मंग घन घेतला. पहिल्या घावाले टोपीले काई नाई. दुसऱ्याले नाई. तिथंच थांबायले पायजे होतं. पण ती हासली.

हो. फुटली.

उठू नका! टाके उसवतील. मले नाई समजत काय? सोमवारी तुमची ड्युटी, टोपीबिना फाटकातून आत घेत नाई, न् तुमच्या रोजीवर चालते ती माह्याच पोरीची चूल. म्हणून राजुऱ्याले गेलो, मुखरूकडं. खाणीतून रिटायर झाला तो. बेलाच्या झाडाखाली बाज टाकून बसते, डोक्यावर टोपी. म्हणलं, टोपी दे. तं म्हणते, "भाऊ, बेलफळं पिकून पडून राह्यले, डोकं उघडं टाकू काय?" धान देतो म्हणलं — नाई. बोकड देतो म्हणलं — नाई. वरून मलेच इचारते, "तुम्ही तं गावभर सांगता, टोपीनं काई होत नाई. मंग कोणासाठी येवढे अडून बसले?"

काय सांगू त्याले? म्हणलं, माह्या इवायाले डोकं एकच आहे.

हे घ्या. घालून पाहा. घट्ट होत असंल तं पट्टा ढिला करा. झाली ना बरोबर? — खिडकीतून काय पाहून राह्यले? सायकल नाई तिथी. मुखरूची नजर पहिल्यापासून तिच्यावरच होती, दुसरं काई घेतच नव्हता.

हात जोडू नका. फिटलं. चपला घाला, मोटार स्टँडपर्यंत पायी जायचं आहे.