परकराच्या नाड्या

लॉकडाउनचा दुसरा महिना होता. घाटकोपरला रेशनच्या रांगेत, खडूच्या गोलात उभ्या असलेल्या अनंतरावांना पुढच्या दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.

"शकु, इलॅस्टिक मिळालं का गं?"

"कुठलं मिळतंय! कारखाने बंद, ट्रक अडकलेत. साठ मास्क शिवून पडलेत, पण कानाला अडकवायचे कसे?"

"मग नाही म्हणून सांग ना हॉस्पिटलला."

"आणि वॉर्ड झाडणाऱ्यांनी काय करायचं? त्यात माझा नवरापण आहे, माधुरी. रुमाल बांधून जातो रोज. मी नाड्या लावणार. डोक्यामागे बांधतील."

"नाड्या तरी कुठून आणशील?"

"माझ्या परकरांच्या काढल्या. आता तुझ्या काढते."

"आणि मी काय परकर हातात धरून फिरू?"

अनंतराव खाकरले. "माझ्याकडे नाडीची दोन बंडलं आहेत. बायको शिवणकाम करायची."

"काका, काकूंना विचारा आधी. नंतर रागावतील."

"ती जानेवारीत गेली."

शकुने पिशवी काखेत मारली.

"घर कुठे तुमचं?"

"समोरच. दुसरा मजला."

"शकु, नंबर सोडू नको! तांदूळ संपेल."

"संपू दे. भाकरी खाऊ. चला काका."