ठकठक कुठल्या रायोनातली?

...आणि वर ते ऑफिसवाले मलाच विचारतात, "आवाज नेमका कुठल्या रायोनातला?" आता तुम्हीच सांगा, ठकठक काय पासपोर्ट दाखवून येते? शहराचे रायोन, म्हणजे विभाग, पाडताना कुणा शहाण्यानं रेघ ओढली ती थेट आमच्या बिल्डिंगमधून! आमचा जिना लुगोव्स्की रायोनात, शेजारचा ओझोर्नीत. त्यांचं हीटिंग सुरू झालं, ते बनियनवर फिरतायत, आणि आम्ही कोट घालून सूप पितोय... असो. काय सांगत होतो? हां, ठकठक!

तुम्हाला सांगतो, जेवण झालं की मी जरा अकॉर्डियन वाजवतो. खालच्या अवगुस्ता पावलोव्हना लगेच पळीनं हीटिंगचा रेडिएटर बडवायच्या, "बंद करा ते रेकणं!" मी ऐकतोय होय? आणखी जोरात वाजवायचो! वसंतात गेल्या बिचाऱ्या. दाराला सील लागलं, घर रिकामं. आणि पंधरा दिवसांपूर्वी मी भाता ओढतो न ओढतो तोच... ठक! ठक! ठक! तीच पळी हो! हीटिंगच्या पाइपाला हात लावला, तर बर्फ.

माझ्या बायकोनं, रिम्मानं, बॅगच भरली. "वेन्या, हे थांबलं नाही तर मी चालले बहिणीकडे. कायमची!"

लुगोव्स्कीच्या ऑफिसला फोन लावला. तिथली बाई म्हणते, "आमचे पाइप अजून रिकामे आहेत, वाजतीलच कसे? आमच्या रायोनातला नाही!" ओझोर्नीला लावला. "आमचे पाइप तुमच्या जिन्यात येतच नाहीत. आमच्या रायोनातला नाही!" म्हणजे बघा, मेल्यावर बाईला रायोनसुद्धा नाही!

शेवटी रिम्मानंच वैतागून पाइपवर चमचा आपटला, "अहो बाई, मी तरी काय करू? माझंही ऐकत नाही हा!"

सगळं शांत. मग खालून... हळूच... ठक.

बॅग तिथंच रिकामी झाली! आता रोज दुपारी खुर्ची ओढून पाइपाशी बसते. "काल कोबी करपवली यानं." ठक! "बूट घालून स्वयंपाकघरात येतो." ठक, ठक! मला इथं हुडहुडी भरलीय, आणि ही खुदुखुदु हसतेय!

काल रायोनचा माणूस उगवला एकदाचा. "आवाजाची तक्रार कुणाची?"

"कसली तक्रार?" रिम्मा म्हणाली. "शेजारीण आहे आमची." आणि दार लावून घेतलं.

अकॉर्डियन? ठेवलं कपाटावर. जिवंत होत्या तोवर त्यांचं कधी ऐकलं नाही, पण आता ऐकावंच लागतं... बायको घरात राहिलीय ना, ती काही माझ्यासाठी नाही!